पडक्या किल्ल्यातले रँडम एन्काउंटर फुसके का जातात? टेबल दुरुस्त करायची पद्धत

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांत ही तक्रार नेहमीची आहे. रँडम एन्काउंटर म्हणजे फाशाने ठरणारी गाठ. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, पडक्या किल्ल्यात शिरते, डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) पडद्याआड फासा टाकतो, टेबल (कुठल्या आकड्याला काय घडतं त्याची यादी) बघतो आणि म्हणतो, ‘समोरून चार गॉब्लिन येतात.’ मग इनिशिएटिव्ह (आधी पाळी कोणाची ते ठरवणारा फासा), पाऊण तास मारामारी आणि हाती पाच-दहा तांब्याची नाणी. पुढच्या रविवारी कोणालाही विचारा, बालेकिल्ल्याचं दार आठवतं, भिंतीवरचा शिलालेख आठवतो, गॉब्लिन कोणालाच आठवत नाहीत. इथे डीएम बहुधा दोनपैकी एक करतो. एकतर फासा टाकणंच सोडतो, नाहीतर नेटवरून शंभर ओळींचं टेबल उतरवून घेतो. दुसऱ्या उपायाने दुखणं वाढतंच, कारण त्या शंभरातली एकही ओळ तुमच्या किल्ल्यासाठी लिहिलेली नसते.

पुढे जे दिलंय ते डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीला आणि जुन्या पद्धतीच्या नियमांना, दोन्हींना चालेल. एक टर्न म्हणजे खेळातली दहा मिनिटं. नमुन्याला नाशिकच्या आसपासचे किल्ले आणि लेणी घेतली आहेत. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी निम्मे तरी तिथे चढून आलेले असतात, त्यामुळे ‘खोदीव टाकं’ म्हटलं की वेगळं चित्र काढून दाखवावं लागत नाही.

बिघाड नेमका कुठला?

मागच्या दोन-तीन सेशनच्या (खेळाच्या बैठकांच्या) नोंदी काढा आणि प्रत्येक एन्काउंटरपुढे एक शब्द लिहा: ‘तेच’, ‘वेळ’ किंवा ‘जागा’. तेच ते प्राणी पुन्हा आले असतील तर ‘तेच’. काहीच आलं नाही किंवा एकामागोमाग एक आदळले तर ‘वेळ’. आणि एन्काउंटर किल्ल्याच्या कुठल्याही कोपऱ्यात घडला असता तरी काडीचा फरक पडला नसता, तर ‘जागा’. पहिले दोन बिघाड गणिताचे आहेत, दहा मिनिटांत सुटतात. तिसऱ्यावर मेहनत लागते, आणि बहुतेक टेबलं तिथेच अडकलेली असतात.

‘तेच’चं गणित असं: आठ ओळींच्या टेबलावर चार वेळा फासा टाकला तर निदान एक ओळ दोनदा येण्याची शक्यता ५९ टक्के. बारा ओळींवर ४३, वीस ओळींवरसुद्धा २७ टक्के. म्हणजे टेबल लांबवून हे सुटत नाही. उपाय साधा आहे: आलेली ओळ खोडा आणि तिच्या जागी तिचाच परिणाम लिहा. ‘खजिना खणणारी टोळी’ येऊन गेली की तिथे ‘टोळीतला एक जण, जखमी, बाकीचे पळालेत’ लिहायचं. तेच पुन्हा आलं तरी आता ती पुढची घटना असते.

‘वेळ’चं गणित: जुन्या बेसिक नियमांप्रमाणे दर दोन टर्नला डी६ (सहा बाजूंचा फासा) टाकायचा आणि १ आला तर एन्काउंटर. दोन तासांच्या शोधात असे सहा फासे पडतात. त्यात एकही एन्काउंटर न येण्याची शक्यता ३३ टक्के, आणि दोन किंवा जास्त येण्याची २६ टक्के. हे ठीकच आहे. पण कित्येक डीएम दर टर्नला फासा टाकतात. मग बारा फाशांत तीन किंवा जास्त एन्काउंटर येण्याची शक्यता ३२ टक्क्यांवर जाते, आणि प्रत्येकी पाऊण तास धरला तर सेशन तिथेच संपलं. आधी किती टर्नला फासा टाकताय ते मोजा, मग टेबलाला दोष द्या. कोरडे सेशन टाळायचे असतील तर चढती पट्टी वापरा. पहिल्या फाशाला १ आल्यावर एन्काउंटर, नाही आला तर पुढच्याला १–२, मग १–३. चार फाशांनंतरही काहीच न येण्याची शक्यता जेमतेम ९ टक्के उरते. एन्काउंटर आला की पट्टी परत १ वर.

जागा: खरा बिघाड इथे असतो

‘चार गॉब्लिन’ ही ओळ रिकामी आहे. ते कुठे आहेत आणि काय करतायत, हे त्यात नाही. म्हणून टेबल दोन करा: ‘कोण, काय करतंय’ यासाठी २डी६ (दोन डी६ची बेरीज) आणि ‘कुठे’ यासाठी डी६. दोन्ही फासे एकदमच टाका. गाठ पडते ती जागेमुळे. पार्टी आत्ता उभी आहे ती जागा नव्हे, फाशाने दाखवलेली जागा. पार्टी तिथेच असेल तर समोरासमोर. नसेल तर आवाज, धूर, वास किंवा हालचाल त्या दिशेने जाणवते आणि जायचं की नाही ते खेळाडू ठरवतात. एवढ्या एका बदलाने अर्धे एन्काउंटर लढाईऐवजी निर्णय बनतात.

‘कुठे’च्या सहा ओळी कशा निवडायच्या? डोंगरी किल्ल्यावर माणूस, जनावर, भूत कोणीही असो, त्याला कशाची तरी गरज असते: पाणी, छप्पर, वाट, नजर. त्याच जागा घ्या. सभागृह, ग्रंथालय, छळखोली असल्या जागा परदेशी नकाशांतून येतात आणि सह्याद्रीच्या किल्ल्यावर हसू येतं. नमुन्याला एक काल्पनिक काजळगड घेऊ:

१. पायऱ्या आणि खालचा दरवाजा
२. दरवाज्यामागच्या देवड्या (पहारेकऱ्यांच्या खोल्या)
३. खोदीव टाकी
४. कोठी
५. कड्यातली लेणी
६. वरचा बुरूज

पायऱ्यांसाठी हरिहर किल्ला डोळ्यासमोर आणा. कातळात खोदलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या, दोन्ही कडांना हाताने धरायला खोबण्या, वर दरवाजा, पुढे कड्याच्या पोटातून वाकून जायची खोदीव वाट आणि पुन्हा पायऱ्या. इथे एन्काउंटर आला तर प्रश्न ‘किती हिट पॉइंट’ (मार सोसायची ताकद) हा नसतो, ‘हात मोकळा कोणाचा’ हा असतो. नियम आधीच ठरवून ठेवा: चढताना एक हात खोबणीत राहिलाच पाहिजे, त्यामुळे ढाल किंवा दोन हातांचं हत्यार चालत नाही, एका पायरीवर एकच जण, मार बसला की डेक्स्टेरिटीचा सेव्ह (चपळाईने वाचण्यासाठीचा फासा), चुकला तर खालच्या माणसावर. हे आयत्या वेळी ठरवायला गेलात तर वाद होतो आणि खेळ थांबतो.

टाकी ही सगळ्यात कामाची जागा. किल्ल्यावर जो जिवंत आहे तो दिवसातून एकदा तरी पाण्यावर येतोच. म्हणून डी६ऐवजी डी८ वापरून ३, ७ आणि ८ तिन्ही टाक्यांना दिलेत तरी चालेल. प्रत्येक टाक्याची एकच खूण लिहा: एकाचं पाणी पिण्याजोगं, दुसऱ्यात शेवाळ, तिसऱ्यात खांब आणि खांबांमागे अंधार. खांबटाक्यात पाणी किती खोल ते लांबून कळत नाही, तेवढ्यावर पंधरा मिनिटं रंगतात.

कोठीला मुद्दाम एकच लहान खिडकीवजा तोंड द्या, हरिहरच्या माथ्यावरच्या इमारतीसारखं. एका वेळी एकच जण सरपटत आत जाऊ शकतो. किल्ल्यावर धड छप्पर उरलेली ती एकमेव जागा असेल तर रात्री सगळ्यांना तीच हवी असते.

लेण्यांत एक खास बिघाड येतो. विहार म्हणजे मधे दालन, तिन्ही बाजूंना कोठड्या आणि तोंड एकच. इथे लढाई लागली की फायटर (लढवय्या पात्र) दारात उभा राहतो आणि बाकीचे मोबाईल बघत बसतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत दिसतं तसं करा: डोंगराच्या एकाच पातळीवर ओळीने लेणी. आता एका कोठडीची मागची भिंत पलीकडच्या लेण्यात फोडा, किंवा बाहेरच्या टाक्यातून आत येईल असं भगदाड ठेवा. तोंडं दोन झाली की दारात उभं राहून भागत नाही.

शिलालेखाचा उपयोगही तिथूनच घ्या. पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. लेणं आणि पाण्याच्या पोढ्या (टाकी) खोदवल्या आणि भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व इतर गरजांसाठी विणकरांच्या दोन श्रेणींकडे (संघांकडे) ३००० कार्षापण (नाणी) व्याजी ठेवले, असा हिशेबच त्यांत आहे. २००० वर दरमहा एक टक्का, १००० वर पाऊण टक्का. गेमसाठी याहून चांगला नमुना मिळणार नाही. ‘जो इथे येईल तो मरेल’ छापाचे शिलालेख कोणी गंभीरपणे घेत नाही, पण हिशेबावर खेळाडू तुटून पडतात. काजळगडाच्या लेखात ‘पाच पोढ्या’ लिहा आणि नकाशावर चारच दाखवा. पाचवी शोधायला ते स्वतःच निघतील, आणि हिंडतील तेवढे फासे पडतील.

किल्ला पडला कसा, हे आधी ठरवा

कुठलीही जागा कितपत शाबूत आहे हे फाशावर सोडू नका. त्याचं उत्तर पडझडीच्या कारणात असतं. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने अनेक किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. असा किल्ला बाहेरून तुटलेला आणि आतून बऱ्यापैकी धड असतो: वर जायला दोर हवा, पण कोठीचं छप्पर जागेवर. आपोआप ओस पडलेल्या किल्ल्यात उलटं होतं. लाकूड कुजून छपरं आधी जातात, सांध्यांत पिंपळ-उंबर फोफावतो आणि वाट मात्र गुराख्यांमुळे वाहती राहते. तिसरा प्रकार, गावकऱ्यांनी दगड नेलेला: घडीव चिरे गायब, भराव उरलेला, आणि ते नक्षीचे चिरे खालच्या गावात कोणाच्या तरी ओट्याला. खेळातल्या गावात तसा एक ओटा ठेवला की किल्ला चढण्याआधीच पहिला धागा हाती लागतो.

‘कोण’चं टेबल

२डी६ चा फायदा असा की मधले आकडे वारंवार येतात आणि टोकाचे क्वचित. ७ येण्याची शक्यता ३६ त ६, तर २ किंवा १२ ची ३६ त प्रत्येकी १. म्हणून रोजचं मधे, अद्भुत टोकाला:

२. दरवाज्यावरचं दगडी शरभशिल्प (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) जागं झालंय, मान वळवून बघतंय
३. जुन्या शिबंदीची भुतं पहारा बदलतायत, परवलीचा शब्द विचारतात
४. आग्या मोहोळ, अजून शांत
५. बिबट्याची मादी, पिल्लं जागा बदलून नेतेय
६. खजिना खणणारे पाच जण
७. फक्त खूण: पुन्हा टाका आणि जे येईल त्याचा माग दाखवा
८. गुराखी, शेळी हरवलीय
९. गॉब्लिन घागरी भरून नेतायत
१०. वेताळाची पालखी, दिवट्या दिसतात, आवाज नाही
११. साती आसरा
१२. किल्ल्याचा आत्ताचा मालक, जो कोणी तुमच्या कथेत असेल तो

आसरांना हिट पॉइंट देऊ नका. गावोगावी पाण्याकाठी त्यांना पुजतात, आणि त्यांना मारायचा मॉन्स्टर केलं की टेबलावर कोणीतरी खट्टू होतंच. खेळ म्हणूनही ते फुकट जातं. त्यांना हळदकुंकू, हिरवा खण, नारळ द्यावा लागतो. पार्टीकडे तो नसेल तर आणायचा कुठून, हा प्रश्न लढाईपेक्षा रंगतो. मोहोळाचंही तसंच. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात कीटकांच्या थव्याचे २२ हिट पॉइंट आणि हत्यारांच्या घावांना प्रतिकार असतो. ते वापरून लढाई चालवली तर चौथ्या फेरीला कंटाळा येतो. मशालीच्या धुराने किंवा आवाजाने मोहोळ उठलं, की फक्त एकच बघा: पांघरूण घेऊन बंद जागेत किती फेऱ्यांत पोचतात. दर फेरीला सेव्ह, चुकला तर नुकसान, बस.

जागा आणि प्राणी जुळले नाहीत तर? बुरुजावर हरवलेली शेळी चालेल, पण पायऱ्यांवर पालखी? चालेल, उलट उत्तम. खरोखरच अशक्य असेल तर जागा पुन्हा टाका, प्राणी नको. प्राणी बदलायची सवय लागली की डीएम नकळत सोपं तेच निवडत राहतो.

एक जोडी पूर्ण उलगडून बघू: ६ आणि ४, म्हणजे खणणारी टोळी कोठीवर. पाच जण. दोघे आत, एक पहार आणि एक कुदळ. जमिनीत कमरेएवढा खड्डा झालाय. एक तोंडाशी, त्याच्या हातात कंदील आणि तोच माती ओढून बाहेर टाकतोय. उरलेले दोघे पाण्याला टाक्यावर गेलेत, दोन टर्नांनी परत येतील. पार्टीला सगळ्यात आधी काय कळतं? दगडावर पहारीचा ठरावीक ठोका, आणि मधेच तो थांबतो. टोळीला काय हवंय? उजाडायच्या आत निघून जायचंय. कशाची भीती? तिसऱ्या ओळीतल्या पहाऱ्याची, काल रात्री त्यांनी तो पाहिलाय. काय माहीत आहे? चोरदरवाजाची वाट, कारण ते तिथूनच आले. पार्टी वाटेला गेली नाही तर काय होतं? चार टर्नांनी कोठीची जमीन खचते आणि ‘कोठी’ची ओळ ‘भगदाड, खाली टाकं’ अशी बदलते. पाचवी पोढी सापडली ती अशी. एवढं लिहायला पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. सेशनआधी सगळ्या ओळी अशा उलगडायची गरज नाही. ५ ते ९ पुरेशा आहेत, दर तीन फाशांतले दोन तिथेच पडतात.

प्रत्येक गाठ मारामारीवरच जाते

कारण डीएमने रिअॅक्शनचा फासा, म्हणजे समोरच्याचा पवित्रा ठरवणारा, टाकलेला नसतो. २डी६ टाका: २ ला हल्ला, ३–५ ला वैर, ६–८ ला अजून ठरलेलं नाही, ९–११ ला दुर्लक्ष किंवा बोलायची तयारी, १२ ला मैत्री. सरळ हल्ल्याची शक्यता ३६ त १ आहे, आणि ४४ टक्के वेळा समोरचा नुसता थबकतो. बोलण्याची जागा तिथे तयार होते. फासा टाकूनही मारामारीच होत असेल तर ‘काय करतंय’ हा भाग कच्चा आहे. रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या गॉब्लिनशी बोलणार काय? डोक्यावर घागर असली तर विषय आपोआप निघतो: एवढं पाणी कोणासाठी?

लढाई लागलीच तर लांबते, कारण शेवटचा गॉब्लिन मरेपर्यंत चालते. मोरल (समोरच्याचं मनोधैर्य, आकड्यात) वापरा. पहिला गडी पडला की एकदा आणि निम्मे पडले की एकदा २डी६ टाकायचे, मोरलच्या आकड्यापेक्षा जास्त आले तर पळ. मोरल ७ असेल तर एका फाशाला पळायची शक्यता ४२ टक्के, ९ असेल तर १७. पाचव्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक आहे, तिथे विझ्डमचा (शहाणपणाचा) सेव्ह, डीसी (गाठायचा आकडा) १०. पळालेले कुठे गेले ते ‘कुठे’च्या टेबलावर टाका आणि तिथे नोंदवून ठेवा.

पार्टी दर लढाईनंतर झोपते

पाचव्या आवृत्तीत आठ तासांची विश्रांती घेतली की जवळजवळ सगळं भरून येतं आणि एन्काउंटरची धार जाते. झोपायला मनाई करू नका, नुसता हिशेब लावा. दर दोन तासांना एक डी६ टाकला तर आठ तासांत चार फासे पडतात. रात्र निर्विघ्न जाण्याची शक्यता ४८ टक्के. आणि झोपून उठल्यावर मोकळ्या केलेल्या प्रत्येक जागेसाठी डी६: १–२ आला तर तिथे कोणीतरी नवं येऊन बसलंय. हा दुसरा नियम जास्त परिणामकारक आहे. खेळाडूंना तो आधीच सांगा, लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

मशालीचा फासा

काही जण दर टर्नला टाकायच्या एकाच डी६ मध्ये सगळं कोंबतात: १ गाठ, २ खूण, ३ मशाल विझली, ४ थकवा, ५ जागेत बदल, ६ काही नाही. पद्धत चांगली आहे, पण ३ वर हमखास भांडण होतं. मशाल नियमाने एक तास, म्हणजे सहा टर्न चालते. फाशावर सोडली तर सहातल्या एका वेळी पहिल्याच टर्नला विझते आणि ३३ टक्के वेळा सहा टर्नांनंतरही जळत राहते. त्यापेक्षा वहीत सहा चौकटी काढा, दर टर्नला एक फुली. ३ आला की वाऱ्यामुळे एक जास्तीची फुली. सरासरी पाच टर्न मिळतात आणि कोणी कुरकुरत नाही. फुल्या मारायचं काम ज्याच्या कॅरेक्टरच्या हातात मशाल आहे त्याच्याकडेच द्या.

सेशनआधी तपासणी

टेबल तयार झालं की खेळाआधी दहा वेळा जोडीने फासे टाका आणि प्रत्येक निकालापुढे एका ओळीत लिहा: पार्टीने दुर्लक्ष केलं तर काय बदलेल? ज्या ओळीपुढे काही सुचत नाही ती ओळ काढा. दहातल्या तीनपेक्षा जास्त अडल्या तर ‘कोण’ला हात लावू नका, जागा बदला. बहुतेक वेळा दोन जागा एकाच कामाच्या निघतात, म्हणजे दोन बुरूज किंवा दोन रिकामी दालनं. त्यातली एक काढून चोरदरवाजा घाला.